हेलसिंकीत एकवीस किलोमीटर आणि खाशाबांचा हॉल

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की मी दरवर्षी चार दिवस कराडला माहेरी जाते, पण यंदा आईच भावाकडं स्टॉकहोमला राहायला गेलेली, मग माहेर तिकडं म्हणून मीपण तिकडंच गेले. तिकीट काढायच्या आधी भावाला फोनवर विचारलं, तुझ्या इथनं हेलसिंकी किती लांब आहे रे, तर म्हणाला रात्रीची बोट असते ताई, संध्याकाळी बसायचं आणि सकाळी उतरायचं. तेव्हा मी पुढं काहीच बोलले नाही. आधी हेलसिंकीतली मे मधली हाफ मॅरेथॉन शोधली, पैसे भरले, नाव पक्कं झाल्याचा मेल आला आणि मग त्याला सांगितलं की आपण सगळे शनिवार-रविवार हेलसिंकीला चाललोय. शेंगेन व्हिसा असला की स्वीडन आणि फिनलंड दोन्ही एकाच व्हिसावर होतात, त्यामुळे वेगळी धावपळ नव्हती.

हेलसिंकीच का, हे कराडच्या माणसाला सांगायची गरज नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला तिथंच कुस्तीत ब्राँझ मारलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्यानंतर दुसरं यायला १९९६ उजाडलं. आमचे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. खाशाबा परत आले तेव्हाची मिरवणूक त्यांनी डोळ्यांनी बघितलेली, शंभरावर बैलगाड्या, आणि पंधरा मिनिटांची वाट पण गाड्यांना सात तास लागले. ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे की मला ती माझीच आठवण वाटते. म्हातारपणी ते एकच विचारायचे, आरं ते हेलसिंकी नक्की कुठं हाय, कुणी जाऊन बघितलंय का. घरातलं कुणीच गेलेलं नव्हतं.

पळण्याचं म्हणाल तर मी साताऱ्यात आले ती लग्न होऊन, आणि साताऱ्यात राहून सप्टेंबरमध्ये यवतेश्वरचा घाट पळणारी माणसं दरवर्षी बघायची आणि घरात बसायचं हे मला फार दिवस जमलं नाही. पहिल्या वर्षी निम्मा घाट चालत चढले. आता तीच घाटातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन २ तास ४१ मिनिटांत होते. यंदाची तयारी एप्रिलमधली, म्हणजे पहाटे पाचला घरातून बाहेर पडायचं, पोवई नाक्यावर ग्रुप भेटायचा आणि साडेसातच्या आत सगळं उरकायचं, कारण त्यानंतर ऊन नुसतं भाजून काढतं. रविवारी घाट, मधल्या वारी सपाटीवर, आणि एक दिवस अजिंक्यताऱ्याचा चढ. ग्रुपमधले काका, वय ६३, ते म्हणाले घाट चढणाऱ्या पायाला सपाट शहर म्हणजे सुट्टी, तू फक्त सुरुवातीला जोरात जाऊ नको.

गुरुवार

मी, आई, भाऊ आणि माझी सात वर्षांची भाची असे चौघं निघालो, भावजयीला ऑफिस होतं म्हणून ती राहिली. बोट म्हणजे मला आपली मांडव्याची लाँच डोळ्यांसमोर होती, आणि ही अकरा-बारा मजली बिल्डिंग पाण्यात उभी. आत दुकानं, हॉटेलं, मुलांना खेळायला जागा, आणि आमची चार बंक असलेली केबिन. आईनं आल्याच्या वड्या आणि लिंबू बरोबर घेतलेलं, बोट लागेल म्हणून, पण पहिले कितीतरी तास बोट बेटांच्या मधनंच जाते आणि पाणी तळ्यासारखं गप्प असतं. हजारो बेटं आहेत तिथं, काहींवर एकच लाल लाकडी घर आणि एक होडी. आई डेकवर शाल गुंडाळून बसली आणि म्हणाली, ही माणसं मीठ संपलं तर काय करत असतील गं. मी पण नंतर बराच वेळ तोच विचार करत होते.

बोटीवर दारू-चॉकलेटच्या दुकानात एवढी गर्दी का, तर भावानं सांगितलं की बोट मध्यरात्री ओलांड नावाच्या बेटांवर थांबते, ती बेटं फिनलंडची असली तरी युरोपच्या टॅक्सच्या हद्दीबाहेर आहेत, तिथं बोट टेकली की सगळं ड्यूटी फ्री विकता येतं. म्हणून रात्री बाराच्या पुढं बोट तेवढ्यासाठी तिथं जाऊन उभी राहते. मी जागी होते, झोपच येईना, नऊ वाजून गेले तरी बाहेर उजेड. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, भाचीला खाशाबांची गोष्ट सांगितली. तिला कुस्तीत काही इंटरेस्ट वाटला नाही, तिनं फक्त विचारलं, आत्या, बैलगाडी म्हणजे कशी असते?

शुक्रवार

घड्याळ एक तास पुढं करायचं होतं, ते विसरले आणि नाश्ता थोडक्यात हुकला. पण त्यामुळे डेकवर लवकर गेलो आणि बोट हेलसिंकीत शिरताना बघायला मिळाली. दोन्हीकडं किल्ल्याचे दगडी तट, मधे एवढीशी खाडी, आणि त्यातनं ही एवढी मोठी बोट सावकाश आत जाते, तटावरच्या माणसांचे चेहरे दिसतात इतक्या जवळनं. तो सुओमेनलिन्ना किल्ला.

उतरलो ते टर्मिनल बघून मी भावाचा हात धरला. नावच ऑलिंपिया टर्मिनल. १९५२ च्या ऑलिंपिकला येणाऱ्या लोकांसाठीच बांधलेलं. आमचं पहिलं पाऊल ऑलिंपिकच्याच दारात पडलं, हे मी ठरवून केलेलं नव्हतं, भावाला तर माहीतच नव्हतं.

सामान टाकून ट्रामनं ऑलिंपिक स्टेडियमकडं गेलो, बिब म्हणजे पळताना छातीवर लावायचा नंबर घ्यायचा होता. ते सगळं दहा मिनिटांत झालं, ओळखपत्र दाखवलं, नंबर आणि पिना मिळाल्या, कुठं आरडाओरडा नाही, रांगेत प्रत्येकजण दुसऱ्यापासून हातभर लांब. स्टेडियमबाहेर पावो नुर्मीचा पुतळा आहे, पळतानाचा. ऑलिंपिकची नऊ सुवर्णपदकं, आणि १९५२ ला पंचावन्नाव्या वर्षी तोच मशाल घेऊन या स्टेडियमात पळत आला. मी पुतळ्याचा पाय किती वेळ बघत होते, टाच कशी उचललीय ते, कारण आमचे काका नेहमी माझ्या टाचेवरूनच ओरडतात. आपल्याकडं माणच्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला गेली, तिचा असा पळतानाचा पुतळा म्हसवड-दहिवडीच्या रस्त्यावर असावा असं मला फार वाटतं, येणाजाणाऱ्या पोरींना दिसेल असा.

स्टेडियमचा पांढरा टॉवर ७२.७१ मीटर उंच आहे, आणि हा आकडा असा का तर १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या मॅटी यार्विनेननं भाला तेवढाच लांब फेकून सुवर्णपदक जिंकलं होतं. एका माणसाच्या फेकीएवढा टॉवर बांधायचा, मला ही कल्पना फार आवडली. लिफ्टनं वर गेलो. वरनं सगळं शहर, झाडं, समुद्र, आणि भावानं नकाशा बघून बोट दाखवलं, ताई तो बघ रस्त्यापलीकडं, तोच तुझा खाशाबांच्या कुस्तीचा हॉल. मी बघितलं पण आत आज जायचं नाही म्हटलं. आधी पळते, मग जाते. आईला ते पटलं, देवाला जाताना आंघोळ करूनच जायचं असतं म्हणाली.

संध्याकाळी रूमवर वरण-भात, तूप, लिंबाचं लोणचं. बाहेरचं काही नवीन खायचं नाही, उद्या झाल्यावर सगळं. फक्त कार्यालन पीराक्का म्हणून एक प्रकार भावानं आणलेला तो चाखला, राय नावाच्या धान्याच्या पातळ पोळीत मऊ गुरगुट्या भात भरून भाजलेला, वर उकडलेलं अंडं आणि लोणी. आई म्हणाली, ही भाकरी आणि भात एकदमच खायची सोय आहे.

शनिवार

आमची हाफ दुपारची होती आणि हाच मला मोठा प्रश्न, कारण मी आयुष्यात दुपारी पळालेले नाही. आमच्याकडं पाचला उठायचं, रिकाम्या पोटी केळं खायचं आणि सुटायचं. इथं सकाळपासून काय करायचं? आठला पोहे केले, अकराला परत थोडा भात, मग एक खजूर, आणि बाकी नुसतं पाय वर करून पडून राहिले. बाहेर ११ डिग्री आणि वारा. साताऱ्यातनं निघाले तेव्हा दुपारचा पारा चाळिशीला टेकलेला.

स्टार्टला माझ्या अंगावर पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, वर जॅकेट, कानाला पट्टी, आणि आजूबाजूचे लोक बनियन-चड्डीवर उभे. जॅकेट काढून भावाकडं दिलं तेव्हा दात वाजत होते. पण पहिल्या दोन किलोमीटरमध्येच कळलं की ह्या हवेत पळणं म्हणजे काय सुख आहे. घाम येतच नाही म्हणजे येतो पण लागत नाही, छाती भरून श्वास येतो, एप्रिलमध्ये साताऱ्यात ज्या पेसला माझी नाडी १७० ला जाते तो पेस इथं गप्पा मारत निघत होता. कारण साधं आहे, उन्हात शरीराला बरंच रक्त कातडी गार ठेवायला पाठवावं लागतं, इथं ते पायाला मिळतं. मला मोह झाला. काकांचं वाक्य आठवून घड्याळ बघितलं आणि स्वतःला धरून ठेवलं, पाच किलोमीटर ३१ मिनिटं २० सेकंद.

रस्ता सपाट म्हणतात तसा सपाट नाही, बारीक बारीक चढ आहेत, पण घाट चढणारीला ते चढ वाटले नाहीत. त्रास दिला तो वाऱ्यानं. समुद्राच्या कडेनं रस्ता वळला की समोरनं असा वारा यायचा की पाय उचलला तर जागेवरच पडतोय असं वाटायचं. तिथं मी एका उंच माणसाच्या मागं चिकटले, पाठ रुंद, निळा टीशर्ट, सुमारे तीन किलोमीटर त्याच्या आडोशानं गेले. त्याला कळलं असणार, कारण वळणावर वारा थांबला तेव्हा त्यानं मागं बघून मान हलवली आणि पुढं गेला. एक शब्द नाही. मी मराठीत थँक्यू म्हटलं, म्हणजे थँक्यूच म्हटलं पण मनातनं मराठीत.

ही माणसं बोलत नाहीत असं सगळे सांगतात पण रस्त्याच्या कडेला उभं राहून ‘ह्युवा, ह्युवा’ असं ओरडत होती, म्हणजे छान, मस्त. एक आजी बाल्कनीत पातेलं वाजवत उभी होती. पाण्याच्या टेबलवर पाणी, एनर्जीचं पेय, आणि मिठात मुरवलेल्या काकड्यांचे तुकडे! आधी मला वाटलं कुणीतरी डबा विसरलं. मग बघितलं तर सगळे खातायत. घामातनं मीठ जातं, ते भरून काढायला, आपल्याकडं मीठ-लिंबू देतात तसंच. तेराव्या किलोमीटरला खाल्ला तो काकडीचा तुकडा मी विसरणार नाही.

दहा किलोमीटर १ तास २ मिनिटं ४० सेकंद. पंधराला १:३४:२०. मग सोळाव्याला दगडी फरशीचा रस्ता आणि ट्रामचे रूळ आले आणि उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला, तो फुटल्याचं कळलं पण. सतरा ते एकोणीस मला धड काही आठवत नाही. एवढंच आठवतं की मी खाशाबांचा विचार करत होते. त्या दिवशी त्यांची जपानच्या शोहाची इशीबरोबर पंधरा मिनिटांच्या वर कुस्ती चालली, इशी शेवटी सुवर्ण घेऊन गेला, आणि ती संपल्या संपल्या खाशाबांना सोव्हिएत युनियनच्या रशीद मामादबेयोवसमोर उभं केलं. मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण ते सांगायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. दमलेल्या अंगानं परत उभं राहणं म्हणजे काय, हे खुर्चीत बसून ऐकताना कळत नाही. सतराव्या किलोमीटरला थोडं कळतं. फार थोडं.

विसाव्याला टॉवर दिसला. पांढरा, सरळ, झाडांच्या वर. मग मी जेवढं होतं तेवढं सगळं काढलं. कडेला गर्दीत आईची आबोली रंगाची साडी आणि वर भावाचं जाडजूड जॅकेट, ती ओरडत होती, पळ गं पोरी पळ, आणि तिच्या शेजारच्या दोन फिनिश बायका माझ्याकडं बघून तेच ओरडायचा प्रयत्न करत होत्या, पलगपोरी, पलगपोरी. २ तास १२ मिनिटं ४० सेकंद. सव्वादोनच्या आत यायचं ठरवलेलं, आले.

मेडल गळ्यात पडलं आणि मी तिथंच गवतावर बसून रडले, आईपण रडली, भाचीला काही कळेना म्हणून तीपण. ह्याच स्टेडियमात १९५२ ला एमिल झाटोपेक पाच हजार, दहा हजार आणि वर आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन पळून तीन सुवर्णपदकं घेऊन गेला. त्या जागेच्या शेजारच्या गवतावर मी बूट काढून बसले होते आणि करंगळीला भाऊ पट्टी लावत होता.

रात्री सॅमन माशाचं सूप खाल्लं, दूध आणि बटाटा आणि शेपू घातलेलं, दोन वाट्या. शेपू मला आयुष्यात पहिल्यांदा आवडली. दहा वाजता सूर्य मावळत होता.

रविवार

पायऱ्या उतरताना मांड्या बोलत होत्या, तरी सकाळी आंघोळ करून निघालो. हॉलचं तेव्हाचं नाव मेस्सुहाल्ली, म्हणजे प्रदर्शनाचा हॉल. ऑलिंपिकची कुस्ती, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स तिथं झालं. आता त्याला त्योलोचा किसाहल्ली म्हणतात, शहराचा साधा सार्वजनिक खेळाचा हॉल. मोठी वळणदार छपराची इमारत, आत लोक बॅडमिंटनच्या पिशव्या घेऊन येत-जात होते. मी मनात काहीतरी वेगळं धरलं होतं, देवळासारखं शांत. तर आत चेंडूंचे आवाज, बुटांचं चुईचुई, कुणीतरी हसतंय.

आई दारातच थांबली आणि चपला काढायला लागली. मी म्हटलं आई इथं नको, थंडी आहे. ती म्हणाली, तालीम आहे ती. तालमीत चपला घालून जातात का? मला बोलता येईना. काउंटरवरच्या मुलानं ते बघितलं आणि त्याला ते अगदी बरोबर वाटलं, त्यांच्याकडंपण आतल्या खेळाच्या जागेत बाहेरची पायताणं चालत नाहीत, त्यानं आईला चपला ठेवायला कप्पा दाखवला.

भावानं त्याला इंग्रजीत सांगितलं की आम्ही भारतातनं आलोय, आमच्या गावच्या माणसानं इथं १९५२ ला कुस्तीत पदक जिंकलंय. त्यानं नाव लिहून मागितलं, कागदावर. के. डी. जाधव. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं, फोटो निघाला, मग आमच्याकडं बघितलं, आणि म्हणाला पाहिजे तेवढा वेळ थांबा.

आम्ही वर कठड्याजवळ उभे राहिलो. खाली कोर्टवर बाप आणि दोन मुलं बॅडमिंटन खेळत होती. मी त्या लाकडी जमिनीकडं बघून विचार करत होते की मॅट नेमकी कुठं अंथरली असेल. २३ जुलै १९५२. लाल मातीत वाढलेला माणूस, ढाक त्याचा हुकमी डाव, आणि तो इथवर आला तो गावानं पट्टी काढून, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार दिले म्हणून. कॅनडाचा, मेक्सिकोचा आणि जर्मनीचा पैलवान इथंच हरवला त्यांनी. आमचे आजोबा ज्या मिरवणुकीत धावले ती मिरवणूक ह्या जमिनीवरनं सुरू झाली.

आईनं पिशवीतनं कंदी पेढ्यांचा डबा काढला. साताऱ्यातनं मी भावासाठी नेलेला, त्यातले तिनं कधी बाजूला ठेवले मला माहीत नाही. काउंटरवरच्या मुलाला दिला एक, बॅडमिंटनवाल्या मुलांना दिले, झाडू मारणाऱ्या बाईंना दिला. आपला पोरगा जिंकला तेव्हा इथं कुणी पेढे वाटले नसतील, म्हणाली. तिच्या आवाजात असं होतं जसं काही ते काल झालंय.

दुपारी सुओमेनलिन्नाला जाऊन आलो, बाजाराच्या धक्क्यावरनं पंधरा मिनिटांची लाँच, ट्रामचंच तिकीट चालतं. १७४८ ला स्वीडननं बांधायला घेतलेला किल्ला, आता तिथं माणसं राहतात, लोक तटावर डबे खात बसतात. कचरा शोधून सापडत नाही आणि तटावर कुणाचं नाव कोरलेलं नाही, अजिंक्यताऱ्यावर दर रविवारी मी जे बघते ते आठवून जीव तुटला. माझ्या पायांना मात्र फार चालवेना, तासाभरात परत आलो आणि बोट गाठली.

बोटीत भाचीनं कागद मागितला. खाशाबांची मिरवणूक काढते म्हणाली, पण बैलगाडी दाखव. मी फोनवर दाखवली, आईनं चाक कसं काढायचं ते दाखवलं, आणि ती एकामागं एक गाड्या काढत बसली, शंभर काढणार होती. सतरावी काढताना पेन्सिल हातात धरूनच झोपली.

सोमवार

सकाळी स्टॉकहोमला उतरलो, घड्याळ परत एक तास मागं. भाची बोटीवरनं थेट शाळेत, दप्तरात तो कागद. उरलेल्या त्र्याऐंशी गाड्या मधल्या सुट्टीत काढते म्हणाली, आणि गेटमधनं परत पळत येऊन विचारलं, आत्या, बैलांची शिंगं रंगवायची असतात का, कुठल्या रंगानं?